अजिंठ्याच्या दारांतील भिक्षु

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्याच्या ओसरींत डाव्या टोकाच्या भिंतीवर एका मोठ्या चाकाचें मोडकें चित्र आहे. चाकाचा बराचसा भाग पडून गेला आहे. उरलेल्या भागांत लहान लहान खण पाडलेले दिसतात आणि त्या खणांत माणसांच्या नित्याच्या व्यवहाराचीं दृश्यें आहेत. पहिल्या लेण्यांतील पद्मपाणीपुढें जे प्रवासी घटकाभर तटस्थ उभे राहतात, तेच या चाकावरून नुसती नजर फिरवून आंत जातात. तरीहि अजिंठ्याच्या इतिहासांत या चाकाची योग्यता फार मोठी आहे. असलें चाक कोठें काढावें, कसें काढावें, आणि तें पाहावयास येणाऱ्यांना कोणीं समजावून सांगावें, याचा लेखी नियम बौद्ध ग्रंथांत सांपडतो. चित्राबरोबर चित्राचा अर्थ सांगणाराचीहि नेमणूक करणारा हा नियम सुमारें दीड हजार वर्षांहून जुना आहे.

‘दिव्यावदान’ या संस्कृत कथासंग्रहांत ही हकीकत आली आहे. बुद्धाचा शिष्य मौद्गल्यायन हा नरक, पशुयोनि, प्रेतलोक, देवलोक आणि मनुष्यलोक या पांचहि गतींत संचार करी आणि तेथें पाहिलेलीं सुखदुःखें परत येऊन लोकांना सांगे. कोणाचा शिष्य व्रताला कंटाळला, तर त्याचा गुरु त्याला मौद्गल्यायनाकडे घेऊन येई. त्याचें बोलणें ऐकून तो शिष्य पुन्हां मार्गाला लागे. अशा रीतीनें मौद्गल्यायनाभोंवतीं भिक्षु, भिक्षुणी व गृहस्थ यांची दाटी होऊं लागली. तेव्हां बुद्धाच्या मनांत आलें कीं, मौद्गल्यायन एकटा आहे. तो किंवा त्याच्या तोडीचा माणूस सर्व ठिकाणीं व सर्व काळीं कोठून मिळणार? म्हणून त्यानें आज्ञा केली कीं, विहाराच्या दारावरील दालनांत पांच भागांचें एक चाक रंगवावें. ज्यानें प्रत्यक्ष पाहिलें तो माणूस सर्वत्र जाऊं शकत नाहीं. परंतु त्यानें जें पाहिलें तें चित्ररूपानें प्रत्येक दारांत उभें करतां येतें, असा या आज्ञेचा आशय आहे.

चाकांत काय असावें हेंहि तेथें सांगितलें आहे. खालीं नरक, त्याच्या वर पशु व प्रेत, आणि त्यांच्याहि वर देव व मनुष्य. चाकाच्या तुंब्याजवळ तीन प्राणी: पारवा म्हणजे लोभ, साप म्हणजे द्वेष आणि डुक्कर म्हणजे मोह. कडेनें बारा खणांत कार्यकारणाची ती सांखळी, जिला बौद्ध ‘प्रतीत्यसमुत्पाद’ म्हणतात. प्राणी मरतात व पुन्हां जन्मतात हें दाखविण्यासाठीं रहाटगाडग्याची योजना सांगितली आहे. एक गाडगें भरून वर येतें, दुसरें रिकामें होऊन खालीं जातें. विहिरीवरचा रहाट रोज पाहणाऱ्या शेतकऱ्याला जन्ममरणाचा फेरा समजावून सांगण्याला याहून जवळचा दृष्टान्त मिळाला नसता. आणि हें सर्व चाक अनित्यतेनें आपल्या जबड्यांत धरलेलें असावें, असा शेवटचा आदेश आहे.

येथवर ही चित्रकाराला दिलेली सूचना झाली. खरें महत्त्व पुढच्या भागाला आहे. चाक काढलें गेलें; लोक येऊं लागले, आणि हें काय आहे म्हणून विचारूं लागले. भिक्षूंनाच त्याचा अर्थ माहीत नव्हता. तेव्हां येणाऱ्याजाणाऱ्या ब्राह्मणांना व गृहस्थांना चित्र दाखविण्यासाठीं एक भिक्षु नेमावा, असें बुद्धानें सांगितलें. संघानें नेमणूक केली, पण ती जे अजाण व अकुशल होते त्यांचीच केली. ज्यांना स्वतःलाच अर्थ कळला नव्हता, ते दुसऱ्यांना काय सांगणार? ही गोष्ट कानावर आल्यावर पुन्हां आज्ञा झाली कीं, या कामावर समर्थ भिक्षूचीच योजना करावी. काम दारांतलें आहे म्हणून तें हलकें समजून कोणाच्याहि गळ्यांत घालावें, ही चूक संघाच्या हातून झाली. आणि ती सुधारण्यासाठीं दुसरा नियम करावा लागला. पुढच्या शेंकडों वर्षांत हीच चूक अनेक संस्थानें व अनेक सरकारें करणार होतीं.

या छोट्या कथेंत स्थलनिरूपणाचीं सर्व अंगें आलीं आहेत. योग्य जागा, म्हणजे सर्वांना ओलांडावें लागणारें दार. पाहणाराच्या अनुभवांतून घेतलेला दृष्टान्त. चित्राखालीं लिहिण्यासाठीं दोन श्लोक. आणि या तिहींना जिवंत करणारा जाणता माणूस. यांपैकीं एक अंग तुटलें म्हणजे उरलेलीं कशीं निष्प्राण होतात, याचें उदाहरण अजिंठ्याच्या त्याच चाकानें पुढें घालून दिलें.

सतरावें लेणें इसवी सनाच्या पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत, वाकाटक सम्राट् हरिषेण याच्या कारकीर्दींत कोरलें गेलें. त्या प्रदेशावर राज्य करणाऱ्या एका मांडलिक राजानें तें करविलें. त्याचा धाकटा भाऊ रविसांब अकालीं मरण पावला आणि त्या दुःखानें राजाचें मन दानधर्माकडे वळलें, असें त्या लेण्याच्या शिलालेखावरून दिसतें. भावाच्या मृत्यूनें व्याकुळ झालेल्या राजाच्या लेण्यांत प्रवेश करतांनाच अनित्यतेचें चाक दिसावें, यांत विसंगत असें कांहींच नाहीं. शेजारच्या सोळाव्या लेण्याचा दाता हरिषेणाचा मंत्री वराहदेव होता. हरिषेणानंतर थोड्याच वर्षांत अजिंठ्याचें काम थांबलें. कित्येक लेणीं अर्धवट राहिलीं. सातव्या शतकांत चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग महाराष्ट्रांत आला. त्यानें राज्याच्या पूर्वसीमेवरच्या डोंगरांतील एका संघारामाचें, दाराबाहेरच्या दगडी हत्तींचें आणि भिंतींवरील बोधिसत्त्वाच्या कथांचें वर्णन केलें आहे. सोळाव्या लेण्याकडे चढणाऱ्या जिन्यापाशीं आजहि दोन हत्ती कोरलेले दिसतात. विद्वान् हें वर्णन अजिंठ्याचेंच मानतात. त्यानंतर मात्र दारांतला भिक्षु उठून गेला, आणि चाक भिंतीवर एकटें राहिलें.

अर्थ सांगणारा निघून गेल्यावर जागा ओस पडत नाहीं; तिला दुसरा अर्थ चिकटतो. महाराष्ट्रांत याचे दाखले हवे तितके आहेत. नाशिकजवळचीं बौद्ध लेणीं लोकांनीं पांडवांना देऊन टाकलीं. वेरूळच्या एकोणतिसाव्या लेण्याजवळ ‘सीतेची न्हाणी’ झाली; दहाव्या लेण्यांतील बुद्धाला देवांचा सुतार विश्वकर्मा मानून सुतारमंडळी त्याला भजूं लागली. कैलासाविषयीं राणी माणिकावती व पैठणचा कोकस सुतार यांची कथा मराठी ‘कथाकल्पतरू’त आली. या कथा चुकीच्या आहेत म्हणून त्यांना हसण्याचें कारण नाहीं. पिंगुळीचे चित्रकथी चित्राचें पान पुढें धरून रामायण सांगतात, तीच वृत्ति येथेंहि आहे. समोर आकृति आली कीं तिची कथा मागावी, हा मनुष्यस्वभाव आहे. लोकांनीं निदान त्या लेण्यांना पूज्य तरी मानलें. नांव एकदां पडलें कीं तें किती टिकतें, हें मात्र वेरूळच्या अकराव्या लेण्यानें दाखविलें आहे. त्याला ‘दोन ताल’ म्हणत, कारण दोनच मजले दिसत होते. १८७६ सालीं मातींत गाडलेला तळमजला उघडा झाला व लेणें तीन मजल्यांचें ठरलें. तरी त्याचें नांव ‘दोन ताल’ तें ‘दोन ताल’च राहिलें.

अजिंठ्याला १८१९ च्या एप्रिल महिन्यांत मद्रास फौजेंतील जॉन स्मिथ हा अधिकारी पोंचला. त्यानें दहाव्या लेण्यांतील एका खांबावर, चित्राच्याच अंगावर, आपलें नांव व तारीख कोरून ठेवली. तें नांव आज पाहणाराच्या डोक्याहून उंच आहे. कारण त्या वेळीं लेण्यांत दगडमातीचा थर सांचला होता व तो त्या थरावर उभा होता. १८२४ सालीं लेफ्टनंट अलेक्झांडर येऊन गेला आणि त्याचा वृत्तांत पुढें विलायतेंतील रॉयल एशियाटिक सोसायटीनें छापला. १८२८ सालीं रॅल्फ व ग्रेस्ली हे दोघे चित्रें पाहत असतां डॉ. जेम्स बर्ड तेथें आले. या मंडळींना सतराव्या लेण्यांतील चाक राशिचक्रासारखें दिसलें, आणि ‘झोडिअॅक’ हें नांव त्याला लागलें. वर्तुळ आहे, खण आहेत, खणांत आकृति आहेत; तेव्हां ग्रहराशींपलीकडे दुसरें काय असणार, असा तो तर्क होता. त्या वेळच्या वृत्तांतांतच अशी नोंद आहे कीं, इतरांनीं हरकत घेतली असतांहि बर्ड यांनीं त्या चक्रांतल्या चार आकृति भिंतीवरून सोलून काढल्या.

अर्थनिरूपणाचा प्रश्न केवळ विद्वानांच्या चर्चेचा नाहीं, हें या एका प्रसंगावरून स्पष्ट होतें. बर्ड हे अडाणी नव्हते. ते लेण्यांचा अभ्यास करीत व त्यांवर त्यांनीं पुढें ग्रंथहि लिहिला. परंतु तें चाक एका विचाराची अखंड मांडणी आहे, त्यांतला एक खण काढला तर सांखळीच तुटते, हें सांगणारा कोणी तेथें नव्हता. सुट्या राशींचें चित्र समजलें तर त्यांतल्या चार राशी नमुना म्हणून नेण्यांत विशेष हानि वाटत नाहीं. ज्या वस्तूचा अर्थ हरवला तिचे तुकडे करावयास हात धजतो. आणि तुकडे झाल्यावर अर्थ सांपडला तरी तो पुरता बसवितां येत नाहीं.

पुढील अर्धशतकांत लेण्यांच्या रक्षणाचा विचार सुरू झाला, तो नकलांच्या रूपानें. जेम्स फर्ग्युसन यांनीं १८३९ सालीं लेणीं पाहिलीं व १८४३ सालीं लंडनच्या सभेपुढें त्यांवर निबंध वाचला. त्याचा परिणाम होऊन १८४४ सालीं कंपनी सरकारनें कॅप्टन रॉबर्ट गिल यांना चित्रांच्या नकला करण्यासाठीं नेमलें. गिल यांनीं तेथें जवळजवळ वीस वर्षें काम केलें. ते तैलरंगांत मोठमोठ्या नकला करून विलायतेस पाठवीत, आणि त्यांनीं छायाचित्रेंहि घेतलीं. १८६४ सालीं त्यांचीं जीं छायाचित्रांचीं पुस्तकें निघालीं त्यांत एकांत पश्चिम हिंदुस्थानांतील वास्तु व निसर्ग हीं दोन्ही शेजारी शेजारी बसविलीं होतीं. दरी आणि लेणें हीं एकाच ठिकाणचीं दोन अंगें आहेत, ही जाणीव त्या पुस्तकांत दिसते. परंतु १८६६ च्या डिसेंबरांत सिडनहॅमच्या काचमहालाला आग लागली आणि गिल यांच्या तेथें मांडलेल्या बहुतेक सर्व नकला जळाल्या.

मग तेंच काम १८७२ पासून मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं पेस्तनजी बमनजी वगैरे विद्यार्थ्यांच्या साह्यानें पुन्हां आरंभिलें. तें १८८५ पर्यंत चाललें. त्याच वर्षीं लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील आगींत त्यांतल्याहि पुष्कळ नकला नष्ट झाल्या. उरलेल्यांवरून १८९६–९७ सालीं दोन भव्य खंड छापले गेले. रंग उठून दिसावे म्हणून ग्रिफिथ्स यांनीं मूळ चित्रांवर व्हार्निश दिलें होतें. तें पुढें काळवंडलें, आणि तें काढण्याचा खटाटोप हैदराबाद संस्थानला १९२० ते १९२२ या काळांत चेकोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांकडून करवून घ्यावा लागला. चित्र चांगलें दिसावें यासाठीं केलेला उपाय चित्रालाच बाधक झाला. दोन आगींनीं नकलांचा भरंवसा किती धरावा हें शिकविलें, तर व्हार्निशनें दाखविण्याच्या उत्साहाला मर्यादा कोठें घालावी हें शिकविलें.

नकलांपेक्षां अधिक टिकाऊ साधन म्हणजे वाचलेलें अक्षर. या बाबतींत पहिलें मोठें काम मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी यांनीं केलें. व्यवसायानें वैद्य असलेले हे गृहस्थ १८६३ सालीं अजिंठ्यास गेले, त्यांनीं शिलालेखांचे ठसे व नकला घेतल्या आणि एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढें त्यांचें वाचन मांडलें. सोळाव्या लेण्याच्या लेखावरून वाकाटक राजवंशाचा अजिंठ्याशीं संबंध उजेडांत आला. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी व ब्यूलर यांनीं तें वाचन पुढें नेलें. तरी त्या लेखांतील वंशावळीचें एक कोडें सुटलें नव्हतें. १९३९ सालीं वऱ्हाडांत वाशीम येथें एक ताम्रपट मिळाला. त्यावरून वत्सगुल्म, म्हणजे वाशीम, येथें राज्य करणाऱ्या वाकाटकांच्या निराळ्या शाखेची माहिती झाली. नागपूरचे वासुदेव विष्णु मिराशी यांनीं १९४१ सालीं सोळाव्या लेण्याचा लेख फिरून संपादित केला आणि पूर्वीं ‘रुद्रसेन’ असें जें नांव वाचलें जात होतें तें वस्तुतः ‘सर्वसेन’ आहे, हें दाखविलें. दगडावरचीं तीं अक्षरें शतकानुशतकें तींच होतीं; परंतु वाशीमच्या तांब्याच्या पत्र्यानें तीं बोलकीं केलीं.

चाकाचा अर्थ मात्र फार दुरून परत आला. दार्जिलिंगकडे सरकारी नोकरींत असलेले डॉ. वॅडेल तिबेटी लामांच्या धर्माचा अभ्यास करीत होते. तिबेटी विहारांच्या दारांत एक चाक रंगविलेलें असतें; लामा त्याला संसारचक्र म्हणतात आणि त्याचा प्रत्येक खण उलगडून सांगतात. आंधळा माणूस म्हणजे अविद्या, मडकीं घडविणारा कुंभार म्हणजे संस्कार, माकड म्हणजे विज्ञान, नावेंतील उतारू म्हणजे नामरूप. अजिंठ्याच्या मोडक्या वर्तुळाशीं हें चाक ताडून पाहतां वॅडेल यांच्या ध्यानांत आलें कीं, सतराव्या लेण्यांतील चित्र राशींचें नव्हे, संसाराचें आहे. १८९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत त्यांनीं हें प्रसिद्ध केलें. कॉवेल व नील यांनीं संपादिलेलें ‘दिव्यावदान’ १८८६ सालींच केंब्रिजला छापून निघालें होतें. त्यामुळें चित्र, ग्रंथ आणि जिवंत परंपरा या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. अजिंठ्यास जो धागा तुटला होता तो हिमालयापलीकडे तुटला नव्हता. तेथें दारांतला भिक्षु आपल्या जागीं उभा होता, आणि त्याच्या तोंडून अजिंठ्याच्या भिंतीला आपला अर्थ परत मिळाला.

इतर चित्रांचा उलगडाहि याच सुमारास होऊं लागला. रशियन पंडित ओल्डेनबुर्ग यांनीं कांहीं जातककथा ओळखल्या; जर्मन पंडित ल्यूडर्स यांनीं दुसऱ्या लेण्यांत रंगानें लिहिलेले श्लोक आर्यशूराच्या ‘जातकमाले’तील आहेत हें १९०२ सालीं सिद्ध केलें; फ्रेंच पंडित फूशे यांनीं हैदराबाद संस्थानच्या निमंत्रणावरून लेणीं पाहून अनेक दृश्यांचीं नांवें निश्चित केलीं. परंतु उलगडा करतांना विद्वानांचाहि पाय घसरतो. पहिल्या लेण्यांतील एका दरबारदृश्यांत परदेशी टोप घातलेले पुरुष दिसतात. फर्ग्युसन यांनीं १८७९ सालीं त्या दृश्याचा अर्थ असा लावला कीं, इराणचा बादशहा दुसरा खुस्रू याचे वकील चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या दरबारीं आले, तो हा प्रसंग. पुलकेशीचा काळ सातव्या शतकाचा पूर्वार्ध होय. कल्पना मोहक होती. तिच्यांत राजा होता, परराष्ट्र होतें, आणि साल ठरविण्याची सोय होती. ती शाळेच्या पुस्तकांत गेली, वाटाड्यांच्या तोंडीं बसली. पण पहिलें लेणें हरिषेणाच्याच काळांतलें, म्हणजे पुलकेशीच्या पूर्वीं शें-दीडशें वर्षांचें आहे, हें ठरल्यावर या अर्थाला आधार उरला नाहीं. तें दृश्य बुद्धाच्या पूर्वजन्मींच्या महासुदर्शन राजाच्या कथेंतील आहे असा निर्णय पुढील अभ्यासकांनीं दिला. तरी ‘इराणी वकिलात’ हें नांव अजून ऐकूं येतें. राशिचक्र लोकांना सोडून देतां आलें, कारण त्याच्या जागीं अधिक मोठी कथा आली. इराणी वकिलातीच्या जागीं आलेली कथा कमी ओळखीची आहे, म्हणून ती रुजावयास वेळ लागतो. समर्थ निरूपणकाराची कसोटी येथेंच आहे: श्रोत्यांना आवडणारी गोष्ट खरी नाहीं असें कळल्यावर ती टाकून द्यावयाची, आणि खरी गोष्ट तितकीच गोड करून सांगावयाची.

या सर्व ज्ञानाला सामान्य प्रवाशाच्या हातांत देण्याचें काम मार्गदर्शक पुस्तकांनीं केलें. सर जॉन मार्शल यांच्या सांची व तक्षशिला येथील मार्गदर्शिका १९१८ सालीं निघाल्या आणि अशा पुस्तकांचा नमुना ठरला. हैदराबाद संस्थाननें १९१४ सालीं पुराणवस्तु खातें काढलें व गुलाम यझदानी यांच्या हातीं तें दिलें. त्यांचा अजिंठ्यावरील चार भागांचा ग्रंथ १९३० पासून १९५५ पर्यंत निघत राहिला. महाराष्ट्राच्या दृष्टीनें विशेष उल्लेख केला पाहिजे तो औंधचे अधिपति बाळासाहेब पंत प्रतिनिधि यांचा. स्वतः चित्रकार असलेल्या या राजानें वेरूळवर १९२९ सालीं आणि अजिंठ्यावर १९३२ सालीं इंग्रजी मार्गदर्शिका प्रसिद्ध केल्या आणि १९३८ सालीं औंधला कलासंग्रहालय उभारलें. सरकारी पुराणवस्तु खात्यासाठीं देबला मित्रा यांनीं लिहिलेली छोटी ‘अजंता’ १९५६ सालीं, म्हणजे बुद्धपरिनिर्वाणाच्या अडीच हजाराव्या वर्षीं निघाली. पुढें श्लिंगलोफ यांनीं आणि वॉल्टर स्पिंक यांनीं लेण्यालेण्यांतून हिंडतां यावें अशा तपशीलाचे ग्रंथ तयार केले. १९८३ सालीं अजिंठा व वेरूळ यांचा समावेश जागतिक वारशाच्या यादींत झाला.

पुस्तकें वाढलीं, तरी दारांत उभें राहून सांगणाराचें काम कमी झालें नाहीं. उलट त्याला आतां अधिक गोष्टी सांगाव्या लागतात. लेण्यांचे अनुक्रमांक वाटेनें पडले आहेत, काळानें नव्हे. पहिल्या क्रमांकाचें लेणें प्रवाशाला प्रथम लागतें, पण सर्वांत जुनीं लेणीं नववें व दहावें हीं मधोमध आहेत, आणि त्यांच्यांत व पहिल्यांत सुमारें पांच शतकांचें अंतर आहे. शिवाय आज ज्या सलग वाटेनें प्रवासी हिंडतात ती अलीकडची आहे. मूळांत प्रत्येक लेण्याचा जिना खालीं वाघोरा नदीकडे उतरत असे. भिक्षु नदीवरून वर येत. आजचा प्रवासी बाजूनें येतो. एवढी एक गोष्ट सांगितली तर सारी दरी निराळी दिसूं लागते.

निसर्गाची कथाहि त्या कथेपासून वेगळी काढतां येत नाहीं. सुमारें अडीचशें फूट उंचीचा तो घोड्याच्या नालासारखा कडा ज्या काळ्या दगडाचा आहे, तो साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं वाहिलेल्या लाव्हाचा थर आहे. नदीनें थरांमागून थर कापले, म्हणून धबधबे झाले आणि कोरावयास उभा कडा मिळाला. त्याच दगडाच्या पोकळ्यांत सांपडणारी हिरवी माती चित्रांतला हिरवा रंग झाली, तांबडा व पिवळा रंग गेरूचा, काळा काजळीचा, निळ्यासाठीं मात्र अफगाणिस्तानांतून राजावर्त आणावा लागला. भिंतीवरचा गिलावा मातीचा असून त्यांत भाताचीं तुसें व वनस्पतींचे तंतु मिसळले आहेत. म्हणूनच पावसाळ्यांत दगडांतून पाझरणारें पाणी, किडे आणि माणसांच्या गर्दीचा उबारा हे त्या चित्रांचे वैरी आहेत. ज्या नदीनें कडा दिला, त्याच पाण्यापासून चित्र वांचवावें लागतें. हें ज्याला समजलें, त्या प्रवाशाला भिंतीला हात लावूं नये असें पाटीनें बजावण्याची गरज उरत नाहीं.

दिव्यावदानांतील आज्ञेचा खरा अर्थ येथें येऊन पटतो. चित्र काढणें हें राजाच्या द्रव्यानें होतें. नकला करणें हें सरकारच्या नेमणुकीनें होतें. अर्थ लावणें हें पंडितांच्या श्रमानें होतें. परंतु या सर्वांचें फळ दूर गांवाहून आलेल्या एका कुटुंबाच्या पदरांत पडावयाचें, तर त्या ओसरींत एक जाणता माणूस उभा असावा लागतो. त्याला पंडितांनीं ठरविलेलें माहीत पाहिजे, पंडितांनीं बदललेलेंहि माहीत पाहिजे, आणि समोरच्या मुलाला रहाटगाडगें ठाऊक आहे कीं नाहीं हें ओळखून दुसरा दृष्टान्त काढतां आला पाहिजे. अशा माणसाची निवड शेवटीं उरलेल्या कामासारखी करूं नये, हें बुद्धाच्या संघालाहि दुसऱ्यांदा सांगावें लागलें होतें.

सतराव्या लेण्यांतील चाकाचा गेलेला भाग आतां येणार नाहीं. सोलून नेलेल्या चार आकृतींच्या जागीं उघडी भिंत आहे. परंतु जाणता निरूपणकार त्या भिंतीकडेहि बोट दाखवूं शकतो. चाकाला अनित्यतेनें धरलें आहे असें चित्रकारानें काढलें. अर्थ न कळलेल्या हातानें त्याच चाकाचे तुकडे काढले. आणि दूरच्या विहारांत कोणीतरी तोच अर्थ पिढ्यान्‌पिढ्या सांगत राहिला म्हणून उरलेलें चाक पुन्हां ओळखूं आलें. एवढें ऐकल्यावर त्या रिकाम्या जागेपुढें प्रवाशाचें पाऊल क्षणभर थांबल्यावांचून राहत नाहीं.